टँकचा जुना गेम आणि मुलांच्या हातातला मोबाईल: फरक कसा ओळखायचा?

परीक्षा संपल्या की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, पोरगा दिवसभर गेम खेळतो, तुम्ही तरी सांगा त्याला." विचारणारे अब्बा वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत कामाला असतात, नाहीतर सकाळची विरार लोकल पकडून अंधेरी-दादरला जातात आणि रात्री नऊ-दहाला घरी पोहोचतात. अम्मी शिवणकाम नाहीतर पॅकिंगचं काम सांभाळत असते. घरात मोबाईल एकच असला तरी दुपारभर तो मुलांकडे असतो. "कोणता गेम खेळतो?" असं विचारलं की उत्तर येतं, "ते काय माहीत नाही सर, मारामारीचा काहीतरी आहे."

खरी अडचण या उत्तरात आहे. बुद्धिबळ हाही गेम, गोळ्या फोडायचा गेमही गेम आणि पैसे लावून खेळायची ऑनलाईन रमीसुद्धा गेमच. नाव एक, पण तीन वस्तू एकदम वेगळ्या. आपण सगळ्यांना एकच शिवी देतो. मुलाला मात्र त्यांतला फरक चांगला ठाऊक असतो. मग त्याला वाटतं, अब्बांना यातलं काही कळत नाही. आणि आपलं बोलणं तो सोडून देतो.

म्हणून आज एका जुन्या गेमची ओळख करून घेऊ. तो बहुतेक पालकांनी लहानपणी पाहिलेला आहे. तो आतून कसा बनला होता हे नीट समजलं तर आजच्या मोबाईल गेममध्ये काय बदललं तेही समजेल, आणि मुलाशी बोलायला आपल्याकडे मुद्दा असेल.

"टँकवाला गेम" म्हणजे कोणता?

१९९० च्या दशकात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घरी असणं ही मोठी गोष्ट होती. समुराई, लिटल मास्टर अशा नावांची मशीन मिळायची. त्यात वरून कॅसेट घालायची. चालली नाही तर काढून फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. एका कॅसेटवर "९९९९ गेम" असं छापलेलं असायचं, पण प्रत्यक्षात तेच पंधरा-वीस गेम फिरून फिरून यायचे. मारिओ, कॉन्ट्रा, बदक मारायचा गेम आणि टँक. ज्यांच्या घरी मशीन नव्हतं ते मोहल्ल्यातल्या एखाद्या दुकानात तासाच्या हिशेबाने पैसे देऊन खेळायचे. मीही त्यांतलाच. एका टीव्हीसमोर दोघं खेळणारे आणि मागे सल्ले देणारे दहा जण, असा तो कारभार असायचा.

या टँकच्या गेमचं खरं नाव "बॅटल सिटी". तो १९८५ मध्ये जपानच्या नामको कंपनीने काढला. पॅक-मॅन बनवणारी कंपनी तीच. त्याआधी, १९८० मध्ये, नामकोने "टँक बटॅलियन" नावाचा गेम दुकानातल्या मोठ्या मशीनसाठी बनवला होता. नाणं टाकायचं, उभं राहून खेळायचं, ते मशीन. बॅटल सिटी हा त्याचाच सुधारलेला, घरच्या टीव्हीसाठीचा अवतार. तो निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या मशीनवर चालायचा. फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ ला बाजारात आलं.

आपल्याकडे जी मशीन घरोघरी दिसायची ती बहुतेक या फॅमिकॉमच्या धर्तीवर बनलेली होती, आणि कॅसेटही बहुतेक नकलाच. "टँक १९९०" या नावाने कॅसेटवर असायचा तो याच गेममध्ये फेरफार करून काढलेला होता. हे फक्त भारतातच झालं असं नाही. रशियात १९९२ च्या डिसेंबरमध्ये "डेंडी" नावाचं असंच मशीन आलं आणि तिथल्या एका अख्ख्या पिढीने हाच गेम "तांचिकी", म्हणजे छोटे टँक, या नावाने खेळला.

आता त्याचा आकार बघा. बॅटल सिटीचा सगळा प्रोग्राम, चित्रं आणि आवाज धरून, २४ किलोबाइटमध्ये बसतो. सकाळी फॅमिली ग्रुपवर येणारा एक "जुम्मा मुबारक"चा फोटो बहुतेक वेळा याहून कितीतरी मोठा असतो. एवढ्याशा जागेत बनवणाऱ्यांनी ३५ वेगवेगळे नकाशे बसवले होते.

खेळ कसा चालतो

पडद्यावर १३ बाय १३ घरांचं मैदान असतं, म्हणजे १६९ घरं. खाली मधोमध एक गरुडाचं चिन्ह, तो आपला तळ. त्याच्याभोवती विटांचं कुंपण. शेजारी आपला टँक. शत्रूचे टँक वरून तीन जागांहून येतात: डावा कोपरा, मध्य आणि उजवा कोपरा. एका स्टेजला शत्रूचे टँक बरोबर वीस. ते किती उरले ते उजव्या बाजूला छोट्या चित्रांत मोजता येतं.

मैदानात पाच प्रकारच्या गोष्टी असतात. वीट गोळीने फुटते. पोलाद साध्या गोळीने फुटत नाही. पाण्यातून टँक जात नाही, पण गोळी पलीकडे जाते. झाडीत टँक लपतो. बर्फावर टँक घसरतो.

शत्रूही चार प्रकारचे. साधा, वेगाने पळणारा, जोरात गोळी मारणारा आणि जाड चिलखताचा. चिलखतवाल्याला चार गोळ्या लागतात. त्यांचे गुण अनुक्रमे १००, २००, ३०० आणि ४००. अधूनमधून एखादा टँक चमकत येतो. त्याला गोळी लागली की मैदानात कुठेतरी बक्षीस उमटतं. बाँब घेतला तर पडद्यावरचे सगळे शत्रू उडतात. घड्याळाने ते काही वेळ जागच्या जागी थांबतात. हेल्मेटने आपण थोडा वेळ सुरक्षित राहतो. फावडं घेतलं तर तळाभोवतीच्या विटांचं काही वेळासाठी पोलाद होतं. छोटा टँक म्हणजे एक लाइफ जास्त. आणि तारा घेतला की आपली गोळी सुधारते. तीन तारे जमले तर ती पोलादही फोडते.

आता या गेमचा मुख्य नियम. आपले लाइफ कितीही शिल्लक असोत, गरुडाला एक गोळी लागली की खेळ खलास. आणि ती गोळी आपल्याच टँकची असली तरी खलास. लहानपणी कितीतरी वेळा हेच व्हायचं. घाईघाईत खाली वळून गोळी मारायची, समोरची वीट आधीच फुटलेली असायची, आणि गोळी सरळ तळावर. मागच्या दहा जणांची ओरड आजही कानात आहे.

दोघं मिळून खेळले तर आणखी एक गंमत. साथीदाराला चुकून गोळी मारली तर तो मरत नाही, पण काही वेळ जागेवर अडकून पडतो. तेवढ्यात शत्रू खाली उतरतो. म्हणजे भावाशी भांडत खेळलात तर दोघंही हरता.

यात डावपेच कुठे आले?

अशा गेमला इंग्रजीत "ॲक्शन स्ट्रॅटेजी" म्हणतात. ॲक्शन म्हणजे हाताची चपळाई आणि स्ट्रॅटेजी म्हणजे डावपेच, मनसूबा. नुसत्या चपळाईच्या गेममध्ये समोर दिसेल त्याला मारत सुटायचं असतं. इथे मात्र दर क्षणाला निवड करावी लागते. डाव्या कोपऱ्यात बक्षीस उमटलं आहे, आणायला जाऊ? पण गेलो तर तळापाशी कोण? मधली वीट फोडून रस्ता केला तर मला सोपं, पण त्याच रस्त्याने शत्रू उतरणार. जास्त गुणांच्या टँकच्या मागे लागायचं, की तळाच्या जवळ आलेल्या कमी गुणांच्या टँकला आधी अडवायचं?

वसई-विरारच्या मुलाला हे समजावणं फार सोपं आहे, कारण आपल्या दाराशी वसईचा किल्ला उभा आहे. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तहात वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे दोनशे वर्षं पोर्तुगीजांनी तिथे तटबंदीच्या आत एक अख्खं शहर वसवलं. एक दरवाजा जमिनीकडे, एक बंदराकडे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वेढा घातला तेव्हा नुसत्या तोफांच्या माऱ्याने काम झालं नाही. तटाखाली सुरुंग खणून बुरूज फोडावे लागले आणि मे महिन्यात किल्ला पडला. मुलांना किल्ल्यावर घेऊन गेलात तर एक प्रश्न जरूर विचारा: "तू आत असतास तर माणसं कुठे उभी केली असतीस? आणि बाहेर असतास तर कुठून आला असतास?" टँकच्या गेममध्ये मूल हाच विचार करत असतं. फक्त तिथे विचार करायला एक-दोन सेकंदच मिळतात.

किल्ल्यावरून आठवलं. अमेरिकेच्या अटारी गेम्सने १९९० च्या सुमारास "रँपार्ट" नावाचा गेम दुकानांतल्या मशीनसाठी काढला. रँपार्ट म्हणजे तटबंदी. त्यात आधी तोफांनी समुद्रातल्या जहाजांवर मारा करायचा, मग ठराविक सेकंदांत वेड्यावाकड्या तुकड्यांनी फुटलेला तट पुन्हा जोडायचा. निदान एका किल्ल्याभोवती तट पूर्ण बंद झाला नाही तर खेळ संपला. आज "टॉवर डिफेन्स" या नावाने जे ढीगभर मोबाईल गेम मिळतात त्यांच्या पूर्वजांत रँपार्टचं नाव घेतलं जातं.

जुने गेम म्हणजे दुधाने धुतलेले नव्हते

इथे न्यायाने बोललं पाहिजे. दुकानातल्या मशीनचा धंदा नाण्यावर चालायचा. गिऱ्हाईक लवकर हरलं तरच पुढचं नाणं पडणार, म्हणून ते गेम मुद्दाम अवघड बनवले जायचे. कितीतरी मुलांनी डब्याचे पैसे त्यात घातले. काही ठिकाणी व्हिडिओ गेमच्या नावाखाली उघड जुगार चालायचा. कर्नाटकातल्या अशा दुकानांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा १९९५ मध्ये न्यायालयाने या दुकानांना परवाना लागू करणं योग्य ठरवलं. खेळणाऱ्याचं कौशल्य किती आणि नशिबाचा भाग किती, हा त्यातला कळीचा मुद्दा होता.

तरीही त्या व्यवहारात एक सरळपणा होता. किती पैसे जाणार ते खेळायच्या आधी कळायचं. हरलो की "गेम ओव्हर" यायचं आणि माणूस उठायचा. दुकान बंद झालं की गेम बंद. मशीन रात्री घरी येऊन "ये, तुझं बक्षीस वाट बघतंय" असं सांगायचं नाही.

आजचा गेम फुकट का असतो?

मोबाईलवरचे बहुतेक गेम फुकट उतरवता येतात. मग बनवणाऱ्याला पैसे कुठून मिळतात? मुख्यतः दोन वाटांनी. एक, जाहिराती. दुसरी, गेमच्या आतली खरेदी: हिरे, नाणी, कपडे, बंदुकीचे रंग. दोन्हींसाठी एक गोष्ट लागते, मुलाने परत परत यायला हवं आणि जास्त वेळ थांबायला हवं. म्हणून गेमची रचनाच तशी केलेली असते.

कशी ते बघा. रोज उघडलं तर रोज बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटते. "हा ड्रेस फक्त दोन दिवस" अशी घाई लावली जाते. बंद पेटी विकत घ्यायची, आत काय निघेल ते नशिबावर. मित्रांची टोळी ऑनलाईन वाट बघत असते, मध्येच उठलं तर सगळे रागावतात. आणि शेवटची स्टेज कधी येतच नाही. बॅटल सिटीत ३५ नकाशे झाले की तेच पुन्हा सुरू व्हायचे. मुलाला कळायचं की आता नवीन काही नाही, आणि ते आपसूक क्रिकेटला जायचं. आजच्या गेममध्ये दर काही आठवड्यांनी नवा सीझन येतो.

यात मुलाचा दोष किती? त्याच्यासमोर शेकडो शिकलेली माणसं बसली आहेत, ज्यांचं कामच त्याला उठू न देणं हे आहे. बारा वर्षांच्या मुलाला "तुझ्यात सब्रच नाही" असं म्हणून सोडून देणं हा त्याच्यावर अन्याय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आपल्या आजारांच्या यादीत जागा दिली आहे आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण एक लक्षात ठेवा, रोज तासभर खेळणारं प्रत्येक मूल आजारी नसतं. खेळावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्या कामांपेक्षा गेम वरचढ होतो आणि नुकसान दिसत असूनही सुटत नाही, असं दीर्घकाळ चाललं तरच तो विकार मानतात.

गेम आणि जुगार यांच्यातली रेघ

पैसे लावून खेळणं म्हणजे जुगार, हे आपल्या घरात लहान मुलालाही माहीत असतं. कुरआनच्या सूरह माइदामध्ये (आयत ९०) दारूबरोबरच जुगाराचीही मनाई आहे. बुद्धिबळाबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत, पण त्यावर पैज लावली की ते हराम, यावर दुमत नाही. म्हणजे मोहऱ्या त्याच, पट तोच, पण पैसा मध्ये आला की गोष्ट बदलते.

देशाच्या कायद्यानेही आता हीच रेघ ओढली आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाईन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाईन गेम, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, चालवण्यावर त्यात बंदी आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा ठेवलेली नाही. आणि पैसे न लावता खेळायचे गेम व ई-स्पोर्ट्स यांना कायद्याने वेगळं ठेवलं आहे.

पण कायदा झाला म्हणजे घर सुरक्षित झालं असं समजू नका. बंद पेटीचे गेम अजून आहेत. मूल पैसे जिंकत नाही, पण नशिबावर पैसे घालवायची सवय त्याला तिथेच लागते. दहा-वीस रुपयांनी सुरुवात होते. अब्बांचा यूपीआय पिन पोराला पाठ असतो, कारण रिचार्ज तोच मारून देतो. महिन्याअखेरीस भाडं द्यायची वेळ आली की हिशेब लागत नाही. हातावर पोट असलेल्या घरात हा घाव लहान नसतो. आणि चोरी पकडली गेली की मार पडतो, मूल लपवायला शिकतं, हे नुकसान पैशाहून मोठं.

मुलाच्या मोबाईलमधला गेम तपासायचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न: हा गेम संपतो का? मुलालाच विचारा, "याची शेवटची स्टेज कोणती?" एक डाव किती मिनिटांचा ते स्वतः बघा. डाव संपल्यावर थांबायचं ठरवता येत असेल तर ठीक. मध्ये थांबताच येत नसेल तर वेळेचा नियम टिकणार नाही.

दुसरा प्रश्न: हार-जीत कशाने ठरते? सरावाने, विचाराने, की पैसे घालून घेतलेल्या हत्याराने आणि नशिबाच्या पेटीने? हे मुलं अगदी प्रामाणिकपणे सांगतात. "सर, पैसेवाला जिंकतो" हे वाक्य मी वर्गात ऐकलं आहे.

तिसरा प्रश्न: पैसा आणि अनोळखी माणूस आत येऊ शकतो का? एक सोपी चाचणी आहे. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका आणि गेम उघडा. चालला तर तो निदान आपल्या घरातच राहतो. चाललाच नाही तर तो कुणाशी बोलतो, चॅट आहे का, खरेदीचं बटण कुठे आहे, हे शोधा.

जोडीला दोन कामं आजच करा. यूपीआय पिन बदला आणि प्ले स्टोअरमध्ये खरेदीसाठी पासवर्ड लावा. पैसे फसवणुकीने गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. मूल खूप चिडतं, जेवण-झोप सोडतं असं वाटलं तर टेलि-मानसच्या १४४१६ वर फुकट सल्ला मिळतो.

आणि हो, जुन्या टँकच्या नावाने प्ले स्टोअरवर मिळणारा प्रत्येक गेम म्हणजे जुना गेम नव्हे. कितीतरी ठिकाणी वरून विटा आणि टँक तेच, पण दर दोन मिनिटांनी जाहिरात. तिथेही हेच तीन प्रश्न लावा.

मोबाईलशिवाय टँकचा गेम

बॅटल सिटीत "कन्स्ट्रक्शन" नावाचा एक पर्याय होता. त्यात आपला नकाशा आपण बनवायचा. मशीन बंद केलं की तो पुसला जायचा, तरी मुलं तासन्‌तास बनवत बसायची. तेच काम गणिताच्या चौकटीच्या वहीत करता येतं, आणि तिथे ते पुसलं जात नाही. सातवी-आठवीच्या मुलांना हे छान जमतं.

कागदावर १३ बाय १३ घरांचं मैदान आखा. खालच्या ओळीत मधल्या घरात तळ काढा आणि त्याला लागून असलेल्या पाच घरांत विटा. वरच्या ओळीतली पहिली, सातवी आणि तेरावी घरं शत्रूची. बाकी मैदानात मुलाने ३० विटा, ६ पोलाद आणि १० पाण्याची घरं हवी तिथे मांडायची. अट एकच: वरून तळापर्यंत जायला निदान एक रस्ता मोकळा हवा. विटा पेन्सिलने काढा, म्हणजे फुटल्या की खोडता येतात. टँक म्हणून बटणं किंवा चिंचोके वापरा.

एक मूल तळ राखणारं, दुसरं हल्ला करणारं. हल्लेखोराचे एकूण दहा टँक, पण मैदानात एका वेळी तीनच. पाळी आली की त्याने प्रत्येक टँकने एक काम करायचं: एक घर सरकणं किंवा गोळी मारणं. राखणाऱ्याचा टँक एकच, लाइफ तीन, पण पाळीला त्याची दोन कामं. गोळी सरळ रेषेत चार घरांपर्यंत जाते. वाटेत पहिली जी वस्तू लागेल तिच्यावर थांबते. वीट असेल तर फुटते, पोलादाला काही होत नाही, टँक असेल तर बाद. पाण्यावरून गोळी जाते, टँक जात नाही. तळाला गोळी लागली की डाव संपला. दहाही टँक बाद झाले तर राखणारा जिंकला.

दोन-तीन डाव झाले की मुलं आपोआप भांडू लागतात, "हा नियम चुकीचा आहे, राखणाऱ्याला जास्त सोपं जातंय." तिथेच त्यांना सांगा, "मग नियम बदला आणि पुन्हा खेळून बघा." पाळीला दोन कामं द्यायची की तीन, गोळी चार घरं जावी की पाच, हे ठरवताना मूल गेम बनवणाऱ्याच्या खुर्चीत बसलेलं असतं. जाता जाता आलेख कागदावरचे बिंदू, सर्वांत जवळचा रस्ता, शक्यता, असं गणितही होऊन जातं. उर्दू माध्यमाच्या मुलांना "हिकमत-ए-अमली" हा शब्द पुस्तकात अवघड वाटतो, मराठीच्या तासाला "डावपेच" शब्दही नुसता पाठ होतो. या खेळात दोन्हींचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

यात ज्याला गोडी लागली त्याला पुढे संगणकावर "स्क्रॅच" दाखवा. लहान मुलांना गेम आणि गोष्टी बनवायला शिकवणारं हे साधन अमेरिकेतल्या एमआयटीने बनवलं आहे आणि ते फुकट आहे. गेम बनवणं हा आज रीतसर पेशा आहे. "राजी" हा भारतीय पुराणकथांवरचा गेम २०२० मध्ये जगभर विकला गेला, तो पुण्यातल्या नॉडिंग हेड्स या छोट्या चमूने बनवलेला. आपल्या सोपाऱ्याच्या किंवा पेल्हारच्या मुलाने हे का करू नये?

तोवर या सुट्टीत एवढं करा. एक संध्याकाळ मुलाशेजारी बसा आणि त्याचा गेम त्याच्याकडूनच शिकून घ्या. पंधरा मिनिटं पुरे. मग वरचे तीन प्रश्न एकेक करून विचारा आणि उत्तरं त्यालाच देऊ द्या. गेम ठेवायचा की काढायचा, रोज किती वेळ, कुठल्या वेळी, हे दोघांनी मिळून कागदावर लिहा आणि तो कागद फ्रीजवर नाहीतर कपाटावर चिकटवा. मुलाने स्वतः मान्य केलेला नियम ते मोडतं तेव्हा त्याला निदान लाज वाटते. आपण लादलेला नियम मोडताना त्याला तेवढंही वाटत नाही.